उजव्या पायाचा अंगठा

टेबलाला डोक्याच्या बाजूला एक भोक असतं. पालथं झोपायचं आणि तोंड त्या भोकात घालायचं, म्हणजे नाक दबत नाही. मग दिसते ती फक्त हातभर फरशी, आणि त्या फरशीवर येऊन उभे राहणारे बूट.

"मटेरियल चांगलं आहे, मॅडम," तपकिरी बूट म्हणाले. "जुनं पैलवानी शरीर. एकेक स्नायू सुटा लागतो हाताला."

मटेरियल म्हणजे मी. दस्तगीर मुजावर, राहणार मिरज, शाळा सातवीपर्यंत, पुढं तालीम, आणि तालीम सुटल्यावर इस्पितळात वॉर्डबॉय. वर्षातून चार रविवार मला हॉलमधल्या या टेबलावर उघड्या पाठीनं झोपवायचे आणि जिल्ह्यातले डॉक्टर येऊन माझी पाठ चाचपायचे. त्यांचं शिक्षण चालायचं. डॉक्टर झाल्यावरही माणसानं शिकत राहावं म्हणून त्यांच्या संघटनेनं ते सक्तीचं केलं होतं. पाच वर्षांत तीस गुण गोळा करायचे, नाही झाले तर यादीतून नाव कमी. आणि हे सगळे ऑस्टिओपॅथीवाले, म्हणजे गोळी-इंजेक्शनच्या आधी हातानं सांधे आणि मणके तपासून इलाज करणारे. हाताला शिकायचं तर शरीर लागतं. ते माझं होतं.

तपकिरी बुटात डॉक्टर बुबनाळे होते, संघटनेचे सेक्रेटरी. समोर पांढरे कॅनव्हासचे बूट होते. ते नवीन होते. पुण्याहून परीक्षक म्हणून आलेल्या केळुस्कर मॅडम. त्यांनी काही न बोलता माझ्या कमरेवर दोन्ही अंगठे ठेवले, जिथं पाठीच्या खाली दोन खळ्या पडतात तिथं. उजव्या खळीशी त्यांचा अंगठा थांबला, किंचित दाबला, सुटला. मग कागदाचा आवाज आला, पाकिटाला डिंक लावल्याचा वास आला.

"उत्तर या पाकिटात आहे," मॅडम म्हणाल्या. "दुपारी प्रत्येकानं दोन मिनिटं तपासायचं. कुठल्या बाजूचा सांधा आखडलाय, उजव्या की डाव्या, एवढंच लिहायचं. बरोबर आलं तर दोन गुण. चुकलं तर नाही."

"हजेरीचा एक तरी?" बुबनाळ्यांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"नाही. आणि टेबलावरच्या माणसाशी बोलायचं नाही. बोटांनी शोधायचं."

मला हसू आलं. भोकात तोंड असलं की हसता येतं, कुणाला दिसत नाही.

हसायचं कारण असं की एक सोडला तर त्या डॉक्टरांपैकी कुणाच्याही बोटांना गेल्या कित्येक वर्षांत माझ्या पाठीतलं काही शोधायची वेळ आली नव्हती. ते काम माझ्या पायाचे अंगठे करायचे.

झालं असं की पहिल्याच वर्षी एक नवी डॉक्टरीण तपासायला आली. हात बर्फासारखे गार, आणि इतके थरथरत होते की माझी पाठच शहारली. मला दया आली. पाय टेबलाबाहेर लोंबतच होते, मी उजव्या पायाचा अंगठा हलवला. तिनं बघितलं, "उजवी" म्हणाली आणि पास झाली. पुढच्या खेपेला तिच्या मैत्रिणीला ठाऊक. त्याच्या पुढच्या खेपेला सगळ्या जिल्ह्याला. उजवा हलला तर उजवी, डावा हलला तर डावी. सांधा दर खेपेला वेगळा, कधी मान, कधी खांदा, कधी कंबर, म्हणून मागचं उत्तर पुढं चालायचं नाही. परीक्षक डोक्याच्या बाजूला बसून हातांकडं बघायचे, डॉक्टर हात माझ्या पाठीवर ठेवून नजर पायाकडं टाकायचे. बदल्यात जेवणाच्या वेळी माझ्या ताटात दोनाऐवजी चार गुलाबजाम पडायचे. ताट मात्र हॉलच्या मागं, झाडूवाल्यांच्या रांगेत.

त्या सगळ्यांत एकच माणूस असा होता की ज्यानं माझ्या पायाकडं कधी बघितलं नाही. डॉक्टर कलगोंडा पाटील. बूट नव्हतेच, कोल्हापुरी चपला, उजव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. कृष्णाकाठच्या एका खेड्यात बेचाळीस वर्षं दवाखाना. टेबलाजवळ आले की आधी तळहात एकमेकांवर घासून ऊन करायचे आणि म्हणायचे, "हात लावतो हं." माझ्या पाठीला एवढी विचारपूस माझ्या बायकोनंही कधी केली नाही. पहिल्या वर्षी त्यांची बोटं कमरेवरून एकदाच फिरली होती. "उजवी," म्हणाले आणि निघून गेले. मी अंगठा हलवायच्या आत.

त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला ते मला व्हरांड्यात भेटले. दोघांच्या हातात स्टीलचे पेले होते. माझा पेला इतका कढत की मी तो सदऱ्याच्या टोकात धरला होता. सरांनी त्यांचा नुसत्या मुठीत धरला होता, गार पाण्याचा असावा तसा.

"अठ्ठावीस झाले माझे, दस्तगीर," ते म्हणाले. "दोन उरले. ते आज नाही मिळाले तर महिनाअखेरीला नाव काढतील."

"तुम्हाला काय अवघड आहे, सर? तुमचा हात लागला की कळतंय."

"बघू."

"आणि काढलं तरी काय, गाव तुम्हाला सोडतंय व्हय?"

"गावाचा प्रश्न नाही रे. बेचाळीस वर्षं बसलो एका खुर्चीवर. तिच्यावरनं दुसऱ्यानं हात धरून उठवलेलं मला नकोय." सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता, तो त्यांनी तळहातानं चापून आत ढकलला. "दोन गुण. बाकी काही नको आज."

मी पुन्हा जाऊन टेबलावर पडलो. पुढचा तासभर पडद्यावर मणक्यांची चित्रं दाखवायची होती, पण मला उठायला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. हे नेहमीचंच. एकदा तर माझ्या पाठीवर कुणी वही ठेवून हिशेबाच्या सह्या घेतल्या होत्या.

व्याख्यान संपलं, माणसं जेवायला निघाली, आणि तपकिरी बूट माझ्या भोकाखाली येऊन थांबले. शेजारी काळे टोकदार बूट, म्हणजे डॉक्टर हुक्केरी.

"म्हातारं आज गेलं," बुबनाळे म्हणाले.

"कोण, कलगोंडा? त्याचा हात चांगला आहे की."

"होता. गेल्या महिन्यात पेशंटच्या खांद्याऐवजी उशी दाबत बसलं होतं म्हणे. पेशंटच म्हणाला, डॉक्टर, मी इकडं आहे."

दोघं हसले. हुक्केरींनी हसताना माझ्या पाठीवर हात टेकला, कठड्यावर टेकावा तसा.

"मग त्याचं गाव?"

"पोराला सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यात बोर्ड लावायचा. बेचाळीस वर्षांचे पेशंट आयते."

"आणि त्यानं अंगठा बघितला तर?"

"तो बघत नाही. तत्त्वाचा माणूस ना." परत हसले. "चल, गुलाबजाम संपतील."

बूट गेले. मी तसाच पडून राहिलो. ते दोघं बोलत होते त्याच्याखाली एक जिवंत माणूस पडला आहे, त्याला कान आहेत, आणि ज्या अंगठ्याच्या जिवावर ते उड्या मारतात तो त्याचाच आहे, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला राग लवकर येतो. तालमीत वस्ताद म्हणायचे, दस्तूचा डाव त्याच्या रागानं फसतो. पण त्या दिवशी राग आला तो थंड आला, आणि त्यात मला डाव नीट दिसला.

दुखतं उजवं. अठरापैकी सतरा डॉक्टर बोटं सोडून पायाकडं बघणार. त्यांना आज डावा अंगठा दाखवायचा. एकटे पाटील सर बोटांनी शोधणार आणि उजवी लिहिणार. सतरा नापास, एक पास. मिरजेच्या मैदानात एवढ्या माणसांना एका दिवसात चीत केलेला पैलवान मी ऐकला नाही, आणि मी तर ते झोपून करणार होतो.

त्या दिवशी चारच काय, सहा गुलाबजाम खाल्ले.

दुपारी रांग लागली. मॅडम डोक्याशी खुर्ची घेऊन बसल्या. टेबलाशेजारी स्टुलावर स्टीलचा डबा. डॉक्टरांनी यायचं, तपासायचं, चिठ्ठीवर आपलं नाव, बाजू आणि ती कशी ओळखली ते लिहायचं, चिठ्ठी डब्यात टाकायची.

पहिले तपकिरी बूट. बुबनाळ्यांचे हात कमरेवर आले, मऊ, जड, साबणाचा वास येणारे. उगाच इकडंतिकडं फिरले. मी डावा अंगठा हलवला. हात लगेच थांबले. "हं," असं विद्वानासारखं म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली. मग काळे टोकदार. मग पट्ट्याच्या सँडल, त्यात तीच पहिल्या वर्षीची डॉक्टरीण, हात अजून गारच. तिच्या वेळी माझं मन जरा कच्चं झालं. पण दर खेपेला ती अंगठा बघून, सही ठोकून बाजारात साड्या बघायला जायची. डावा.

दहा झाले, बारा झाले. एकानं तर हात टेकवायच्या आधीच चिठ्ठी लिहिली. सोळावा मोबाईलवर बोलत होता, "तपासतोय, तपासतोय, पाच मिनिटांत आलो." त्याच्यासाठी मी अंगठा दोनदा हलवला, घाईत होता बिचारा.

मग फरशीवर काळ्या दोऱ्यानं शिवलेली चप्पल आली. सगळ्यांना पुढं घालून सर शेवटी आले होते. तळहात घासल्याचा आवाज आला.

"हात लावतो हं."

बोटं ऊन होती. आणि बोटं मेलेली होती.

पाठीला ते लगेच कळतं. कळणारं बोट हलकं पडतं, थांबतं, विचारतं. न कळणारं बोट दाबतं, आणि तरी कळलं नाही म्हणून अजून दाबतं. सरांची बोटं दाबत होती. उजव्या खळीवरून गेली, जिथं हात लागला की अजून माझ्या मांडीपर्यंत कळ जाते. तिथून गेली आणि परत आली आणि परत गेली. तिन्ही वेळा तशीच. मला सकाळचा कढत पेला आठवला. साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांची शीर मारली होती, वॉर्डात अशी बोटं मी बघितली होती. तो पेला त्यांना खरंच लागला नव्हता.

म्हणजे माझा डाव फसला होता. मी सतरांना पाडलं होतं, आणि ज्याच्यासाठी पाडलं तोच पडत होता.

मी उजवा अंगठा हलवला.

सरांची बोटं तशीच फिरत राहिली. परत हलवला. तीनदा हलवला. मग पाऊलच हलवायला लागलो, नांगी आपटणाऱ्या विंचवासारखं. शेवटी गुडघ्यापासून पाय झटकला. टेबल करकरलं.

"मुंग्या आल्या का रे पायाला?" सर म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. सगळ्यात मोठा बुबनाळ्यांचा.

"पाटील सर, बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "एक मिनिट उरलंय."

बोटं थांबली. पाठीवरून उचलली गेली. मला वाटलं, आता अंदाजानं काहीतरी लिहून मोकळे होतील. दोनच तर बाजू. कुणीही तेच केलं असतं, मी तर नक्की.

चपला डोक्याच्या दिशेनं सरकल्या. भोकाखाली आल्या. मग एक गुडघा कडकन वाजला, मग दुसरा. फरशीवर एक तळहात टेकला, म्हातारा, शिरा आलेला. आणि जिथं अकरा वर्षं मी फक्त बूट बघितले होते तिथं एक तोंड आलं. पांढऱ्या भुवया, घसरलेला चष्मा, जमिनीवर उकिडवं बसून मान वर केलेले सत्तरीचे पाटील सर.

"दस्तगीर," ते म्हणाले, "कुठं दुखतंय रे?"

तोंड भोकात होतं, रक्त उतरलं होतं, आणि नाकातून पाणी आलं ते त्यांच्या चष्म्यावर पडलं.

"उजवीकडं, सर."

"कधीपासनं?"

"कोल्हापूरच्या मैदानापासनं. तेवीस वर्षं झाली. ढाकेचा डाव लागला आणि कमरेत कायतरी उलटलं."

"बसताना दुखतं का उठताना?"

"उठताना. आणि तुमच्या या टेबलावर झोपलं की दोन दिवस."

"मग अकरा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"मीपण नाही," ते म्हणाले. "बोटं चालत होती तोवर गरज वाटली नाही."

मग ते माझ्या टेबलाचा पाय धरून उठले. पेन चिठ्ठीवर बराच वेळ घासत होतं.

मॅडमनी डबा रिकामा केला. एकेक चिठ्ठी उघडायला लागल्या.

"डावी. डावी. डावी." थोड्या वेळानं, "डावी. डावी." आवाज हळू होत गेला. "सतरा वेळा डावी. पद्धत, सतरा वेळा, बोटांनी चाचपून." मग शेवटची चिठ्ठी. ती त्यांनी पूर्ण वाचली. "उजवी. बोटांना कळलं नाही, बोटं अधू आहेत. रुग्णाला विचारलं, त्यानं सांगितलं. कलगोंडा पाटील."

पाकीट फाडल्याचा आवाज.

"उजवी," मॅडम म्हणाल्या.

तपकिरी बूट पुढं आले. "मॅडम, राग मानू नका, पण सतरा अनुभवी डॉक्टर एक बाजू सांगतायत. सकाळी तुमचाच हात जरा घाईत असेल. बहुमत बघितलं तर..."

"त्यांच्या कमरेचं बहुमत घ्यायचं?"

"तसं नाही, पण..."

"डॉक्टर, तुम्ही सगळ्यांनी डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी आठ-नऊ जण बरोबर आले असते. सतराच्या सतरा चुकणं सव्वा लाखात एकदा होतं. किंवा शिकवावं लागतं." पांढरे कॅनव्हासचे बूट भोकाखालून निघाले, टेबलाला वळसा घालून पायाशी गेले, आणि तिथं थांबले. त्यांनी तिथून काय बघितलं मला माहीत नाही. बहुतेक माझे दोन अंगठे बघितले असतील, आणि त्या अंगठ्यांकडं न बघण्याची धडपड करणारी सतरा तोंडं.

"उठून बसा," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव काय?"

मी उठलो. चादर अंगावर ओढली. पहिल्यांदाच मला तो हॉल सरळ दिसला. बूट मी सगळे ओळखत होतो, त्यांच्यावरची तोंडं बघून मात्र काही ठिकाणी निराशा झाली.

"दस्तगीर मुजावर."

"पाय का हलत होता, मुजावर?"

बुबनाळ्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. नको, अशी. इतक्या वर्षांत मला त्यांनी दिलेला हा पहिला मान.

"मॅडम," मी म्हणालो, "हे लोक माझ्या पायाकडं बघून पास होतात. उजवा हलवला की उजवी, डावा हलवला की डावी. ही चाल मीच पाडली, माझाच गाढवपणा. आज मी मुद्दाम खोटा हलवला."

"का?"

"जेवायच्या आधी हे दोन साहेब माझ्या पाठीवर हात टेकून बोलत होते की पाटील सर गेले म्हणजे त्यांचं गाव आयतं मिळेल. मी खाली होतो. मला मेलेला धरून बोलत होते. मग मी म्हणालो, बघू मेलेला काय करतो."

कुणीतरी खोकलं. हुक्केरींचे टोकदार बूट एकदम दुसऱ्याच्या मागं गेले. गार हातांची डॉक्टरीण रडकुंडीला आली, आणि तिच्याबद्दल मला त्या दिवशी शेवटचं वाईट वाटलं.

"सतरा शून्य," मॅडम म्हणाल्या.

"ठीक आहे," बुबनाळे म्हणाले. माणूस कच्चा नव्हता. "आमचं चुकलं. मग नियम सगळ्यांना सारखा. टेबलावरच्या माणसाशी बोलायचं नाही, हा तुमचाच नियम. पाटील बोलले. तुमच्यासमोर, जमिनीवर बसून बोलले. अठरा शून्य करा."

हे खरं होतं. सगळे मॅडमकडं बघायला लागले. पाटील सर मात्र भिंतीशी उभे राहून रुमालानं चष्मा पुसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते नाकातलं पाणी माझंच होतं.

"सर, तुम्हाला काही म्हणायचंय?" मॅडमनी विचारलं.

"ते म्हणतात ते बरोबर आहे. मी नियम मोडला. बोटं उत्तर देईनात, मग अंदाज ठोकण्यापेक्षा विचारलेलं बरं वाटलं. शून्य दिलं तरी माझी तक्रार नाही." चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण दिले तर मी घेईन. खोटं कशाला बोलू, मला ते दोन हवेत."

मॅडमनी चिठ्ठ्यांचा ढीग बाजूला सारला.

"सतरा जणांनी पायाला विचारलं," त्या म्हणाल्या. "एकानं तोंडाला विचारलं. तोंडाला विचारायला मी मनाई केली होती. ती चूक माझी, त्याचे गुण त्यांचे का जावेत? दोन."

त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं, आकडा लिहिला, सही केली. सरांनी पुढं होऊन वाकून खात्री केली. अठ्ठावीस आणि दोन. पोरानं निकाल बघावा तसं बोट ठेवून बघितलं.

"झाले ना पूर्ण तीस?"

"झाले."

"म्हणजे आता मला कुणी काढू शकत नाही."

"पाच वर्षं नाही."

"बरं," म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातला तो घडीचा कागद काढून त्यांनी बुबनाळ्यांच्या हातात दिला. बुबनाळ्यांनी तो उघडला, वाचला, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

मॅडमनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. दोनच ओळी होत्या. माझी बोटं अधू झाल्यामुळे एक तारखेपासून मी व्यवसाय स्वतःहून बंद करत आहे. यादीतून माझे नाव माझ्या विनंतीवरून कमी करावे.

"सकाळीच लिहून आणला होता?" मॅडमनी विचारलं.

"परवा. पण अठ्ठावीसवर देऊन उपयोग नव्हता. लोक म्हणाले असते, दोन कमी पडले म्हणून म्हातारं पळालं." सरांनी माझ्याकडं बघितलं. "उठायचं तर स्वतःच्या पायांनी उठायचं होतं. चल रे दस्तगीर, चहा घेऊ. माझा पेला तू धर."

व्हरांड्यात मी दोन्ही पेले सदऱ्याच्या टोकात धरले. गार होईपर्यंत आम्ही थांबलो.

"सर, एक विचारू?"

"विचार. आज सगळे विचारतायत."

"तुम्हाला अंगठ्याचं ठाऊक नव्हतं व्हय? मी एवढा पाय झाडला. कुणीपण ओळखलं असतं."

सर चहावर फुंकर मारत होते. "अकरा वर्षं हलवतोस," ते म्हणाले. "बोटं गेलीत माझी, दस्तगीर. डोळे नाही."

त्या दिवसानंतर मला टेबलावरून काढलं, ते बरंच झालं. कमरेचा इलाज केळुस्कर मॅडमनी केला, तीन खेपांत, आणि दर खेपेला आधी दहा मिनिटं माझी कुस्ती ऐकून घेतली. मॅडमच्या सांगण्यावरून संघटनेनं मला रांगेशेजारी उभं केलं. कुणाचा हात जड पडतो, कुणाचा गार लागतो, ते आधी माझ्या दंडावर घेऊन मी डॉक्टरांना तोंडावर सांगायचं. एवढं सुखाचं काम मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही. नियमही बदलला. टेबलावरच्या माणसाला विचारायला परवानगी झाली.

पुढच्या वर्षी टेबल रिकामं होतं आणि नवं मटेरियल मिळेना. सकाळी व्हरांड्यात कोल्हापुरी चपला वाजल्या.

"मी झोपतो," पाटील सर म्हणाले. "गुण नकोत मला. जेवण तेवढं द्या, आणि ते हॉलच्या मागं नाही, आत." पायऱ्या चढून आले होते ते कठड्याला धरून, डावी कंबर सांभाळत. वर आल्यावर मला हळूच म्हणाले, "डावीनं महिनाभर पार जीव खाल्लाय."

सदरा काढून ते पालथे झोपले. तोंड भोकात. पाय टेबलाबाहेर.

रांगेत पहिला एक तरुण होता, खेळाचे नवे कोरे बूट. बुबनाळ्यांचा मुलगा. सरांच्याच गावात दवाखाना टाकला होता. मी त्याच्या हाताकडं बारीक नजर ठेवली, शिव्या तयार ठेवल्या. तो टेबलाजवळ आला, क्षणभर थांबला, मग गुडघे टेकून फरशीवर बसला आणि भोकाखाली मान घातली.

"सर, कुठं दुखतंय?"

दोघं काहीतरी बराच वेळ बोलत होते. माझ्या शिव्या वाया गेल्या.

त्याच्यामागं तपकिरी बूट आले. गुडघे टेकले नाहीत, विजार नवी होती की काय कोण जाणे. बुबनाळ्यांनी सरांच्या कमरेवर दोन्ही हात ठेवले, इकडंतिकडं फिरवले, आणि सवयीनं नजर पायाकडं टाकली.

पाटील सरांच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच हलला.

"हं," बुबनाळे म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.